दुर्मीळ मेंदूविकार : कोणासाठी दुर्मीळ?

(वाराणसीतील दूधविनायक येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



दूधविनायक हे माझे आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे येथे येत असू आणि दिवसभर या गल्ल्यांतून धावत असू. दगडी फरसबंदी, प्रत्येक घराचा उंच उंबरठा, कोठे दोन तर कोठे दहा पायऱ्या, आणि शेवटी पंचगंगा घाटाकडे जाणारी ती उभी उतरण. निरोगी मुलाला या वाटेची अडचण जाणवतही नाही. पण ज्याचा तोल वर्षागणिक ढासळत चालला आहे, अशा मुलाला ही गल्ली कशी वाटत असेल, हा विचार वैद्यकीय व्यवसायात पडेपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता. आज मी अशाच मुलांविषयी बोलणार आहे. विषय वैद्यकाचा असला तरी विवाहसंस्था, लोकसंख्याशास्त्र, कायदा आणि प्रशासन या सर्वांशी तो निगडित आहे. म्हणूनच भावी प्रशासकांपुढे तो मांडावा असे वाटले.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. मूल उशिरा चालू लागले, हातपाय ताठर राहिले, तर आपल्याकडे बहुधा ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणजे मेंदूचा पक्षाघात असे निदान केले जाते. पुष्कळदा ते बरोबरही असते. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा होते आणि ती इजा तेथेच थांबते. मुलाच्या अडचणी राहतात, पण मूळ इजा वाढत नाही. याउलट काही आनुवंशिक विकारांत मेंदूच्या जडणघडणीतच दोष असतो आणि त्याचे परिणाम वाढत जातात. मूल चालायला शिकते, काही वर्षे चालते आणि मग हळूहळू चालणे गमावू लागते. म्हणून पालकांना मूल केव्हा चालू लागले एवढे विचारून भागत नाही. जे येत होते, त्यातले काही आता येईनासे झाले आहे काय, हाही प्रश्न विचारावा लागतो. या एका प्रश्नाने निदानाची दिशा बदलते.

अशा विकारांची संख्या मोठी आहे. त्यांतील एकच मी विस्ताराने घेतो, कारण त्याच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि त्याचा संबंध या दूधविनायकापासून जवळच असलेल्या चौखंब्यापर्यंत पोहोचतो. ‘मेगालेन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स’ हे त्याचे लांबलचक नाव. वैद्यकात त्याला ‘एमएलसी’ म्हणतात आणि आपणही तेच वापरू. नावाचा अर्थ मात्र सोपा आहे : मेंदूचा आकार मोठा, त्यातील श्वेतद्रव्य विकारग्रस्त आणि मेंदूच्या बाह्य थराखाली पाण्याने भरलेल्या पोकळ्या.

जन्माच्या वेळी बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत तो साधारण ४६ सेंटिमीटर होतो. एमएलसी असलेल्या बाळाचे डोके या पहिल्या वर्षातच अपेक्षेपेक्षा बरेच वेगाने वाढते. घरात त्याची चिंता होतेच असे नाही. ‘डोके मोठे, म्हणजे बुद्धी मोठी’ असे कौतुकही मी ऐकले आहे. मूल हसते, बोलते आणि थोडे उशिरा का होईना चालू लागते. पुढे काही वर्षांनी ते अडखळू लागते. पाय फाकवून चालते, जिना उतरताना कठडा सोडत नाही. नंतर पायांत ताठरता येते. अनेकांना फिट्स येतात, परंतु त्या बहुधा औषधांनी आटोक्यात राहतात. पुष्कळ रुग्णांचे स्वतंत्र चालणे पौगंडावस्थेच्या आगेमागे थांबते. बुद्धीवरील परिणाम त्या मानाने उशिरा आणि सौम्य असतो. म्हणजे आपले शरीर आपले ऐकेनासे झाले आहे हे त्या मुलाला पुरते कळत असते.

या आजाराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि शिक्षकांनी ते विशेष लक्षात ठेवावे. डोक्याला किरकोळ मार लागला तरी प्रकृती एकाएकी बिघडू शकते. बाकावरून पडणे किंवा चेंडू लागणे इतर मुले विसरून जातात. या मुलांना मात्र त्यातून दीर्घकाळ चालणाऱ्या फिट्स येऊ शकतात किंवा काही काळ शुद्ध हरपू शकते. अनेक कुटुंबांत आजाराचा पहिला धक्का असाच बसतो आणि ‘पडल्यामुळे मुलाला हे झाले’ अशी समजूत कायमची घर करून राहते. मग ज्याच्या हातून मूल पडले, त्याच्यावर आयुष्यभराचा ठपका येतो.

एमआरआय तपासणीत चित्र इतके भयावह दिसते की, हे मूल चालत तपासणीला आले यावर विश्वास बसू नये. मेंदूतील श्वेतद्रव्य सर्वत्र सुजलेले असते. प्रतिमा आणि प्रत्यक्ष मूल यांतील ही तफावतच आजाराची ओळख ठरली. ॲमस्टरडॅम येथील डॉ. मार्यो व्हान डेर नाप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आठ मुलांच्या अभ्यासातून या विकाराचे वर्णन केले. त्याच सुमारास मुंबईत बॉम्बे हॉस्पिटलचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी अशाच मुलांचा स्वतंत्रपणे अभ्यास करीत होते. त्यांचा निबंध १९९६ मध्ये ‘पीडियाट्रिक न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी टिपलेली एक गोष्ट केवळ चौकस डॉक्टरच टिपू शकतो : हे रुग्ण एकाच समाजातून, अग्रवाल समाजातून येत होते. आजाराचा धागा रुग्णाच्या आडनावात सापडावा, हे वैद्यकात क्वचितच घडते.

२००१ मध्ये २२ व्या गुणसूत्रावरील ‘एमएलसी १’ हे जनुक या विकाराशी संबंधित असल्याचे सिद्ध झाले. मेंदूतील ताराकृती आधारपेशींमध्ये, विशेषतः त्या रक्तवाहिन्यांना जेथे बिलगतात त्या भागात, या जनुकापासून बनणारे प्रथिन असते. मेंदूतील पाणी आणि क्षार यांचा समतोल राखण्यात त्याचा सहभाग आहे. ते नसले की श्वेतद्रव्यात पाणी साचत जाते. पुढे २०११ मध्ये ‘हेपाकॅम’ या दुसऱ्या जनुकाचाही संबंध उघड झाला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध २००४ चा आहे. अग्रवाल कुटुंबांतील रुग्णांमध्ये ‘एमएलसी १’ जनुकात एकच आणि तोच दोष आढळला : जनुकाच्या सुरुवातीच्या भागात ‘सी’ हे एक अक्षर जादा.

एका अक्षराने एवढे काय बिघडते? जनुकातील मजकूर पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते. समजा मजकूर असा आहे : मदन पवन गगन कमल. आता पहिल्या शब्दानंतर एक ‘प’ जादा घाला आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे वाचा : मदन पपव नगग नकम ल. पहिला शब्द शाबूत राहिला, पुढचे सारे निरर्थक झाले. जीवशास्त्राच्या पेपरात ‘फ्रेमशिफ्ट उत्परिवर्तन’ म्हणून जे विचारतात, ते हेच.

शेकडो कुटुंबांत, वेगवेगळ्या शहरांत नेमके तेच अक्षर त्याच जागी जादा असेल, तर ती चूक प्रत्येक घरात नव्याने झालेली असणे संभवत नाही. ती फार पूर्वी कोणा एका पूर्वजात झाली आणि वंशपरंपरेने पसरली. यालाच ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात. येथे चौखंबा आठवतो. भारतेंदु हरिश्चंद्र तेथले, आणि जन्माने अग्रवाल. आपल्या समाजाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली होती. अग्रवालांमध्ये परंपरेने अठरा, किंवा ‘साडेसतरा’, गोत्रे मानली जातात आणि सगोत्र विवाह होत नाही. म्हणजे जवळच्या रक्तात लग्न नको, ही काळजी तेथे घेतलेलीच आहे. तरीही आजार राहिला. कारण गोत्र बाहेरचे असले तरी जात आतलीच असते आणि शतकानुशतके विवाह त्याच वर्तुळात होत राहतात. नवरा-बायकोचे कोणतेही ज्ञात नाते नसते, पण पंधरा-वीस पिढ्यांमागे कोठेतरी दोघांचा पूर्वज एकच निघू शकतो.

आपण मराठी माणसांनी येथे हसण्याचे कारण नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात उत्तर आणि दक्षिण भारतातील विवाहपद्धतींचा भेद दाखवला होता. महाराष्ट्र दोहोंच्या सीमेवर. आपल्याकडे अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. मामाचे गोत्र वेगळे, तेव्हा शास्त्राला बाधा नाही. जीवशास्त्राचा हिशेब वेगळा आहे : सख्ख्या मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. आणि काशीतल्या मराठी घरांचे काय? पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यापासून, म्हणजे गागाभट्टांच्या पूर्वजांपासून, ही वस्ती चालत आली आहे. दूर प्रांतात राहणारा छोटा समाज सोयरीक कोठे शोधणार? आमच्या आजोळच्या लग्नपत्रिकांत तीच दहा-बारा आडनावे फिरून फिरून येत. येथे अमुक आजार आहे असे मी सुचवत नाही. लहान वर्तुळाचे गणित सर्वांना सारखेच लागू होते, एवढेच सांगतो.

ते गणित प्रत्यक्ष करून पाहू. एमएलसी अप्रभावी पद्धतीने वारशाने येतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागवते. अशी व्यक्ती ‘वाहक’ असते, ती आजारी नसते आणि आपण वाहक आहोत हे तिला ठाऊकही नसते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. आता उदाहरणादाखल समजा, एखाद्या मोठ्या मिश्र लोकसंख्येत ५०० पैकी एक जण वाहक आहे. दोघेही वाहक असण्याची शक्यता अडीच लाखांत एक आणि मूल आजारी असण्याची दहा लाखांत एक. दुसऱ्या, आतल्या आत विवाह करणाऱ्या समूहात ५० पैकी एक वाहक धरा. दोघेही वाहक असण्याची शक्यता अडीच हजारांत एक, आजारी मुलाची दहा हजारांत एक. वाहक दहापट झाले की रुग्ण शंभरपट होतात. देशाच्या सरासरीत दुर्मीळ असलेला आजार त्या समूहाला दुर्मीळ राहत नाही. सरासरी पाहून धोरण ठरवणाऱ्याच्या नजरेतून मात्र तो निसटतो.

अग्रवाल समाज हा अपवाद नाही. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे, म्हणजे सीसीएमबीचे, डॉ. के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूहांतील २,८०० हून अधिक व्यक्तींच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ८१ समूहांत संस्थापक परिणाम फिनलंडचे लोक आणि युरोपीय अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र आढळला. यांतील १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. एमएलसीसुद्धा केवळ भारताचा नाही. लिबियातून आलेल्या ज्यू समाजात आणि तुर्कस्तानातही तो तुलनेने अधिक आढळतो. जनुकातील नेमका दोष तेथे वेगळा. भारतातही अन्य समाजांत हे रुग्ण आहेत. तेव्हा आडनाव पाहून निदान करू नये आणि आडनाव पाहून निदान टाळूही नये.

या साऱ्यातून कुटुंबासाठी पहिली गोष्ट निघते ती दोषारोपाविषयीची. आजारी मूल जन्मले की आपल्या समाजात बोट सुनेकडे वळते. ‘आमच्या घराण्यात असे कोणी नव्हते’ हे वाक्य मी माझ्या खोलीत किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. ते वाक्य बहुधा खरे असते, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अप्रभावी आजारात दोष दोन्ही घराण्यांतून आलेला असतो आणि तो पिढ्यानपिढ्या न दिसता आलेला असतो. प्रभावी आजारांची तऱ्हा निराळी. उदाहरणार्थ, हातांच्या थरथरीने सुरू होऊन तोल बिघडवणारा ‘एससीए १२’ हा विकार २००१ पासून भारतात, आणि योगायोगाने अग्रवाल कुटुंबांतच प्रामुख्याने, नोंदवला गेला. तो प्रौढ वयात दिसतो आणि आई-वडिलांपैकी एकाकडूनच येऊ शकतो. तेथे घराण्यात आधी कोणीतरी असते. येथे नसते.

आता शासनाच्या बाजूकडे येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार बाबींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ही त्याची चौकट. जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. माझे मत विचाराल तर एमएलसीसारख्या आजारात या यंत्रणेचे सर्वांत मोलाचे साधन कापडी फीत आहे. डोक्याचा घेर नियमितपणे मोजला आणि आलेखावर मांडला, तर संशय पहिल्या वाढदिवसापूर्वीच येऊ शकतो. वजनकाटा सगळे वापरतात, फीत खिशातच राहते.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आले. त्यात आजारांचे तीन गट आहेत आणि वर्गवारीचा आधार उपचारांची उपलब्धता व खर्च हा आहे. निवडक उत्कृष्टता केंद्रांतून, ज्यांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आणि येथून जवळचे लखनौचे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थान यांचा समावेश आहे, २०२२ च्या सुधारणेनंतर ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. परंतु एमएलसीला मूळ दोष दूर करणारा उपचार आज नाही. ज्याला औषधच नाही, त्याला औषधाच्या अनुदानाचा काय उपयोग? अशा आजारात निदान, समुपदेशन आणि दैनंदिन आधार हाच उपचार असतो, आणि खर्चाच्या तक्त्यात त्याला सहजी जागा मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले, ही मोठी सुधारणा झाली. मात्र वाढत जाणाऱ्या विकारात आजचे टक्के उद्या अपुरे ठरतात. तेव्हा पुनर्मूल्यांकनाची वाट सोपी ठेवणे हे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे काम आहे. ते उद्या तुमच्यापैकी कोणाकडे तरी येईल.

प्रसूतिपूर्व निदानाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या विषयावर देशात पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा आणि त्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली. विद्यार्थी तो ‘लिंगनिदानबंदी’ म्हणून पाठ करतात. बंदी आहे ती लिंग सांगण्यावर व निवडण्यावर. आनुवंशिक आजाराच्या निदानाला तोच कायदा अटींसह परवानगी देतो, आणि कुटुंबात ताठरतेसारखे शारीरिक व्यंग किंवा अन्य आनुवंशिक आजार असणे ही त्यांतील एक अट आहे. पहिल्या मुलातील जनुकीय दोष आधी निश्चित केलेला असेल, तर पुढील गर्भारपणात साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी करता येते. क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी रुग्ण मुलाची तपासणी, मग आई-वडिलांची, त्यानंतर गर्भाची. गर्भारपण आधी आणि चौकशी मागाहून, असे झाले की आठवडे हातातून निघून जातात. आणि निकाल काहीही आला तरी निर्णय त्या दांपत्याचा असतो. आम्ही फक्त माहिती देतो.

समाजाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतल्याचे उदाहरण जगात आहे. अश्केनाझी ज्यू समाजात ‘टे-सॅक्स’ हा बालपणीच मृत्यू घडवणारा मेंदूविकार अधिक होता. अमेरिकेत १९७१ पासून त्यासाठी ऐच्छिक वाहक-तपासणी सुरू झाली. समाजातील धर्मगुरू आणि डॉक्टर यांनी मिळून ती पुढे नेली आणि त्या समाजात या आजाराने जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. जेथे एकच ज्ञात दोष आहे, तेथे शोध सोपा असतो. संपूर्ण ग्रंथ चाळावा लागत नाही, एक ओळ तपासली की पुरते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. अशा ओळी आता आणखी समूहांत सापडतील. भीती वेगळीच आहे. वाहक असल्याचा अहवाल उद्या पत्रिकेतल्या मंगळासारखा वापरला जाईल आणि त्याची झळ मुलीलाच अधिक लागेल. म्हणून अशी तपासणी ऐच्छिक असणे, तिचा निकाल गुप्त राहणे आणि तिच्याआधी समुपदेशन होणे, या तिन्ही अटींवर तडजोड होऊ नये.

तोवर जी मुले आज आहेत, त्यांचे काय? नियमित फिजिओथेरपी, फिट्सची औषधे न चुकवणे, खेळताना व चालताना डोक्याला हेल्मेट, वर्ग तळमजल्यावर, भिंतीला धरायला दांडी. यातले काहीही महागडे नाही. पण या गल्लीत चाकाची खुर्ची कशी न्यायची याचे उत्तर माझ्यापाशी नाही. एका घरात मी पाहिले होते : वडिलांनी उंबरठ्याशी लाकडी उतरण बसवली होती, मात्र ती बाहेरच्या पहिल्या पायरीपाशी संपत होती.

शेवटी एका प्रश्नाविषयी. रुग्ण मुलाची थोरली बहीण, वय सोळा-सतरा, आई बाहेर गेल्याची संधी साधून मला विचारते, “काका, मलापण हे आहे का?” ती निरोगी आहे, म्हणजे आजारी असण्याची चौथी शक्यता वगळली गेली. उरलेल्या तिनांपैकी दोन शक्यता वाहक असण्याच्या आहेत. म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश. मघाच्या उदाहरणातील आकडे घेतले, तर समूहातच, जोडीदाराची तपासणी न करता लग्न केल्यास तिचे मूल आजारी असण्याची शक्यता तीनशेत एक येते. समूहाबाहेर तीच तीन हजारांत एक. आणि जोडीदाराच्या तपासणीत दोष आढळला नाही, तर ती नगण्यच. हे सारे मी तिला कागदावर लिहून दिले. तपासणी अठरा वर्षांनंतर, तिला स्वतःला करावीशी वाटली तर करावी, असेही सांगितले. तिने कागदाची घडी घातली आणि विचारले, “आणि याला सायकल शिकवू का? तो मागे लागलाय.” मी म्हणालो, तीन चाकांची घे, आणि हेल्मेट विसरू नकोस.

आता तुमचे प्रश्न घेऊ.